मावशीच्या मालकीचा दावा

वर्षातले काही दिवस मी बाई असतो. बाकीचे दिवस रत्नागिरीत एका सरकारी कार्यालयात आवक-जावक टेबलावर असतो, आणि तिथे मला मिशी असते. शिमगा जवळ आला की मिशी जाते, आणि साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना कळतं की हा आता रजेचा अर्ज टाकणार.

गावच्या नमनात मी मावशी करतो. ज्यांनी नमन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी देवांना वंदन होतं, मग गवळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, त्यांच्या पुढे ही म्हातारी मावशी, आणि वाटेत कृष्ण नि पेंद्या त्यांना अडवतात. अडवल्यावर मावशी जे तोंड सोडते ते ऐकायलाच निम्मं गाव आलेलं असतं. गवळणीही सगळे पुरुषच, पण त्यांना जरा बरं दिसावं लागतं. मावशीला ती अट नाही, म्हणून माझी वर्णी लागली, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत आहे.

माझ्याआधी मावशी करायचे माझे चुलतकाका. गुडघे गेले तेव्हा त्यांनी लुगडं माझ्याकडे दिलं. पण नुसतं दिलं असं होत नाही. आमच्याकडे रीत अशी, की दुसऱ्याचं सोंग किंवा दुसऱ्या गावचा विनोद हवा असेल तर त्याच्या मृदंगापुढे नारळ ठेवायचा आणि तोंडाने मागायचा. तो ‘ने’ म्हणाला की तुमचा. काकांनी स्वतः काही विनोद राजापूरकडच्या एका मावशीकडून असेच आणले होते. मीही नारळ ठेवला, काका ‘ने’ म्हणाले, आणि तेव्हापासून दर शिमग्याला पुढ्यात खुर्ची टाकून बसायला लागले. दुसऱ्या दिवशी घरी बोलावून माझी हजेरी. तुझी चाल बाईची नाही नि बुवाची नाही, बैलाची आहे. कमरेवर हात ठेवतोस तो पाकीट चाचपल्यासारखा. गाव पोट धरून हसायचं, पण काका माझ्या मावशीला एकदाही हसले नाहीत. मला ते लागायचं, खोटं कशाला बोलू.

मध्यंतरी कोणीतरी आमचं अख्खं नमन मोबाइलवर घेऊन नेटवर टाकलं. कोण, कुठला, आजवर पत्ता नाही. विचारलं नाही, सांगितलं नाही, वर माझ्या पोटावर आडवं त्याच्या चॅनेलचं नाव. तेव्हा आम्हीच खुळे खूश झालो होतो. नेमका त्याच खेळात पेंद्याने माझा पदर जरा जोरात ओढला आणि गंगावन सुटून अंबाडा कानावर आला. तो मी डाव्या हाताने धरून ठेवला नि उरलेला खेळ तसाच रेटला.

मग मागच्या गणपतीत भाचा आला. तो मुंबईत वकिली करतो. त्याने मोबाइलवर एक ॲप दाखवलं. त्यात संगणकाने घडवलेली एक ‘कोकणी मावशी’. लिहाल ते बोलते. वाढदिवसाच्या शुभेच्छा देते, आंब्याच्या पेट्या खपवते, मधूनच विनोद सांगते. चाल माझी, आवाजाचा हेल माझा, विनोद आमचे. आणि दर दोन वाक्यांनी ती डावा हात उचलून अंबाडा धरत होती. बाईचा अंबाडा चांगला घट्ट बसलेला होता, तरी धरत होती. आधी मला हसू फुटलं, आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. सौभाग्यवती खांद्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, तुमच्यापेक्षा बरी आहे, निदान बंद तरी करता येते.

भाच्याने समजावून सांगितलं. नेटवरचे व्हिडिओ न विचारता उतरवून घ्यायचे आणि यंत्राला घोकायला लावायचे, हा आता धंदा झालाय. परदेशात त्यावरून कोर्टात दावे चाललेत. मुंबईतले त्याचे वरिष्ठही अशा फसलेल्या कलाकारांना एकत्र करत होते. मी म्हटलं, जाऊ दे रे, कोण कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. खरं सांगायचं तर आत कुठेतरी बरंही वाटत होतं, की यंत्राला शिकायला मीच सापडलो.

ते बरं वाटणं यंदाच्या शिमग्यात पावसजवळच्या एका गावातल्या खेळात उतरलं. आमचा एक हुकमी विनोद आहे. कृष्ण मावशीला वय विचारतो. मावशी म्हणते, गावचा डांबरी रस्ता मंजूर झाला तेव्हा मी सोळाची होते, रस्ता झाला की सतरावं लागेल. मी ‘मंजूर झाला तेव्हा’ म्हणतोय तोच पुढे बसलेल्या पोरांनी उरलेलं वाक्य एका सुरात म्हणून टाकलं, डावा हात डोक्याला लावून. लोक पोरांना हसले. पुढचा विनोद, तेच. त्याच्या पुढचा, तेच. मी तिथे लुगडं नेसून उभा, आणि माझ्याकडे बोलायला काही उरलेलं नाही. परत येताना टेम्पोतच मंडळात कुजबुज सुरू झाली की पुढच्या शिमग्याला मावशी आवरती घ्यावी.

त्या रात्री मी भाच्याला फोन केला. म्हटलं, टाक दावा.

तो कागद तयार करूनच आला. त्यात लिहिलं होतं की ही मावशी, तिचे हावभाव व संवाद ही सर्वस्वी माझी स्वतःची निर्मिती आहे. मी म्हटलं, काकांचं काय? त्याने कपाळाला आठ्या घातल्या. काकांनी तुम्हाला दिल्याचा काही पुरावा? म्हटलं, नारळ. आणि तो नारळ? तो त्याच दिवशी फोडून प्रसाद म्हणून वाटला. पुरावा अख्ख्या गावाने खाल्ला होता, आणि काकांचा राजापूरचा पुरावाही असाच कुणाच्या तरी पोटात गेलेला. भाचा म्हणाला, असा माग काढत बसलो तर कोर्ट विचारेल की नक्की चोरलं कोणाचं. त्यापेक्षा काकांचं नाव नकोच, त्यांना कुठे कळणार आहे.

मी त्याला गाडीवर मागे बसवलं आणि सरळ गावी नेलं.

काका पडवीत खुर्चीवर होते. सगळं ऐकून घेतलं, यंत्राची मावशी बघितली, चेहरा दगड. मग विचारलं, सही केलीस तर ही बंद व्हईल? भाचा म्हणाला, होऊ शकते.

“मग कर सही. मी काय आता लुगडा नेसनार हाय? तुजीच हाय ती.”

एवढ्या वर्षांत जे कानांवर पडावं म्हणून जीव टाकला ते असं फुकट पदरात पडलं, तेही कागदासाठी. भाच्याने पेन पुढे केलं. मी म्हटलं, दोघांची नावं घाल, नाहीतर राहू दे. दोन नावांनी दावा लंगडा पडेल, म्हणाला. म्हटलं, मग राहू दे.

काका भडकले. अक्कल गहाण टाकलीस काय, म्हणाले, पुढच्या शिमग्याला बोलशील काय मग? माझंही डोकं फिरलेलं. मी उठलो, ऑफिसच्या शर्ट-पँटीतच कमरेवर हात ठेवला आणि मावशीच्या आवाजात त्यांच्यावरच ओरडलो:

“जन्मभर कोन लागला नाय माज्या पाठी, नि आता यंत्र लागलाय! चाल नेलीन, आवाज नेलान, अंबाडा नेलान मेल्यान. गुडघेदुखी तेवढी ठेवलीन मला!”

काकांनी आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. आणि हसले. खुर्ची हलेपर्यंत हसले, ठसका लागला तरी थांबेनात, काय झालं म्हणून काकी चुलीपुढून उठून बाहेर आली. मी तसाच उभा, कमरेवर हात, डोळ्यांत पाणी.

भाच्याने ते टिपायला मोबाइल उचलला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि खिशात टाकला.