भाव न सांगितलेलं बाळंतपण

माझ्या सूतिकागृहात दोन खाटा होत्या, हत्यारं उकळायची भांडी होती, स्पिरिटचा दिवा होता, पण भाव नव्हता. तलासरीच्या बाजाराच्या टोकाला एका कौलारू घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मी ते थाटलं, तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. मुंबईला सुईणपणाची रीतसर परीक्षा दिलेली, लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेलेला, आणि डोक्यात एक खूळ. इथल्या पाड्यांवरच्या बाया बाळंतपणात मरतात, त्या मी मरू देणार नाही. आणि पैसे नाहीत म्हणून एकीलाही माघारी पाठवणार नाही. दाराशी गोड्या तेलाचा रिकामा डबा ठेवला, त्याच्या झाकणाला चीर पाडली. ज्याला वाटेल त्याने वाटेल ते टाकावं. कोण किती टाकतो ते मी बघायचंदेखील नाही, असा माझा नियम.

याला दानधर्म म्हटलेलं मला खपत नसे. ऐपतदार माणूस आपण होऊन जास्त टाकेल, त्यात नसलेल्यांचं भागेल, असा माझा हिशेब होता. घोलवडला आमच्या चिकूच्या वाड्या माझे थोरले भाऊ बघत. त्यांनी घरभाडं आणि औषधं एक वर्ष पुरवायचं कबूल केलं. वर्षभरात दवाखाना स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही, तर कुलूप लावून घरी यायचं, ही अट.

"अगं, उद्या मी रस्त्यावर चिकूच्या करंड्या ठेवून 'वाटेल ते द्या' अशी पाटी लावली, तर संध्याकाळपर्यंत पाटी तरी राहील का?" ते म्हणाले.

"सगळी माणसं व्यापारी नसतात, दादा," मी म्हणाले. नाकाने कांदे सोलायची मला तेव्हा फार हौस होती.

बाजारातली माणसं लगेच यायला लागली. दुकानदारांच्या सुना, मास्तरांच्या बायका, एका जंगल ठेकेदाराची लेक. या ठेकेदाराच्या लेकीला दोन दिवस कळा येत होत्या आणि मी दोन्ही दिवस तिच्या खाटेशी उभी होते. मुलगा झाला. ठेकेदाराने बाजारभर पेढे वाटले, माझ्या दारात येऊन "बाई साक्षात देवी आहेत" असं दहा माणसांत सांगितलं आणि डब्यात सव्वा रुपया टाकला. सव्वा रुपया हे मला कळलं, कारण त्या आठवड्यात डब्यात दुसरं काहीच नव्हतं. त्याच्या पेढ्यांचा खर्चही त्याहून जास्त झाला असेल. मी दात-ओठ खाल्ले. नियम माझाच होता.

डहाणू रोडला ज्यांच्याकडून मी औषधं आणत असे ते दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणायचे, "बेन, भाव बोला, भाव. भाव नाय बोललां तर घराक डरे." गिऱ्हाईक घाबरतं म्हणे! मी हसले. फुकटाला कोण घाबरतं?

पण पाड्यांवरच्या बाया येत नव्हत्या. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच येत नव्हत्या. आठवडे-बाजारच्या दिवशी माझ्या दारावरून शेकडो जणी जात. डोक्यावर मोळ्या, पाठीला पोरं बांधलेली. कुणी क्षणभर थबके, आत डोकावे, आणि पुढे जाई. मी ओट्यावर उभी राहून हाका मारायची, "या गं, पैसे नसले तरी या." त्यावर त्यांची पावलं आणखी भराभर पडत. माझी खात्री झाली की हे अज्ञान आहे. भगताकडे जातील, कोंबडं कापतील, अंगारा लावतील, पण माझ्याकडे यायचं म्हटलं की यांचे पाय मोडतात. मला त्यांचा राग यायचा, हे मी लपवत नाही.

झाडलोट करायला, पाणी भरायला एक म्हातारी वारलीण माझ्याकडे होती. रोजच्या रोज ठरलेले पैसे कनवटीला लावून ती सूर्य बुडायच्या आत जायची. तिला मी अनेकदा विचारलं की तुमच्या बाया का येत नाहीत. ती "ठावं नाय" म्हणून केरसुणी उचलायची.

आणि पावसाळा सरता सरता एक जोडपं आलं. मुलगी अठराएक वर्षांची, पहिलटकरीण, सातवा महिना. नवरा तिच्याहून थोडा मोठा, दंडाला कोयत्याचा जुना वण. तिचे पाय घोट्यापासून फुगलेले, बोट दाबलं की खळगा तसाच राही. डोकं दुखतं म्हणाली. मी तिची लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवली, तर ती नासलेल्या दुधासारखी फुटली. याचा अर्थ मी शिकले होते. अशा बाईला शेवटी झटके येतात, आणि जवळ कुणी जाणतं नसेल तर आई आणि मूल दोन्ही जातात.

मी त्याला बसवून सगळं नीट सांगितलं. मीठ बंद, कष्ट बंद, आणि नववा लागला की इथे आणून ठेव, मी तिला इथेच झोपवीन. तो लक्ष देऊन ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "काय घेशील?"

"तुझ्या मनाला येईल ते दे."

त्याने डब्याकडे बघितलं. "पण किती घेशील, बाय?"

"अरे, सांगितलं ना? मनाला येईल ते."

"आज तपासलीस त्याचा? आणि इथं राहील त्याचा? तू सांग."

मी हसले. अगदी प्रेमाने हसले. म्हटलं, "आधी पोर तर होऊ दे. मग बघू काय द्यायचं ते." माझ्या मनात आलं, किती साधी माणसं ही, औदार्यसुद्धा यांना समजत नाही. तो उठला, बायकोचा हात धरून तिला उठवलं आणि दोघं गेली. जाताना ती मागे वळून त्या खाटांकडे बघत होती.

नववा महिना लागला. ती आली नाही. म्हातारीबरोबर मी दोनदा निरोप पाठवला. दोन्ही वेळा म्हातारी "सांगितला" एवढंच म्हणाली. मी स्वतः जायला हवं होतं. दीड तासाची वाट होती. पण ठेकेदाराच्या भावजयीचे दिवस भरले होते, खाट सोडून कसं जायचं, असं मी स्वतःला समजावलं. शिवाय जरा फणकाराही होता. मी किती मागे लागायचं?

एका सकाळी म्हातारी आली आणि केरसुणी न घेता उंबऱ्याशी बसली.

"ती गेली," म्हणाली. "पाय सुजलेली. पोर पण."

म्हातारीला घेऊन मी तशीच निघाले. गवताची कापणी चालली होती, दोन्ही बाजूंच्या टेकड्या पिवळ्या पडल्या होत्या, व्यापाऱ्यांच्या गाड्या स्टेशनाकडे गवत घेऊन चालल्या होत्या. पाड्यावर पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. तिचा नवरा अंगणात कुडाला टेकून बसला होता. आदल्या दिवशी सकाळी झटके सुरू झाले, दुपारपर्यंत चालले, मग थांबले, एवढं त्याच्या आईने सांगितलं. भगताला बोलावलं होतं. भगताचं ठरलेलं असतं, एक कोंबडं आणि एक बाटली. त्याने ते घेतलं, त्याला येत होतं ते केलं, आणि गेला.

मी आधी रडले असते तर बरं झालं असतं. मी आधी चिडले. त्या माणसाच्या अंगणात, त्याची बायको मातीआड होऊन एक दिवसही झाला नव्हता, आणि मी त्याच्यावर ओरडले. "आणलं का नाहीस तिला? झोळी करून आणायची होतीस! मी काय पैसे मागितले होते तुझ्याकडे?"

तो उठून घरात गेला आणि फडक्याची एक गाठ घेऊन आला. गाठ सोडून माझ्यासमोर धरली. आत सात रुपये होते, बरीचशी नाणी, दोन चुरगळलेल्या नोटा.

"गवत कापून जमवलं," तो म्हणाला. "तिला आणाया. तीनदा इचारला तुला. तू बोलली नाय."

तो शांतपणे बोलत होता, त्याचा आवाज चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"माझ्या बापाच्या लग्नाला समुद्राकडचा शेठ असाच बोलला. ने, काय द्यायचा ता मंग बघू. बाप मरंतवर त्याच्या वाडीत राबला. आई पण. मी जन्मलो ता पण त्याच्याच गोठ्यात. मनाला येईल ता दे म्हणतेस. आमच्या मनाचा कदी कोणी घेतलाय?"

लग्नगडी हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होते. लग्नासाठी जमीनदाराकडून चार पैसे उचलायचे आणि नवरा-बायको दोघांनी जन्मभर त्याच्याकडे राबायचं. किती फिटलं, किती उरलं, हे जमीनदाराच्या जिभेवर. महायुद्ध संपलं त्या सुमारास वारल्यांनी एकजुटीने उभं राहून ही वेठ मोडली, त्याला दहाएक वर्षंच झाली होती. तेव्हा आमच्या घरात कडी लावून माणसं बसली होती. कारण आमच्याकडेही गडी होते. माझे वडील वाईट माणूस नव्हते, निदान मला तसं वाटत नव्हतं. ओटीवर बसून ते लग्नाला उभ्या पोराला तांदूळ आणि पैसे देत, आणि तो काही विचारू लागला की हसून म्हणत, "ने रे. मग बघू." तेच हसू त्या दिवशी दवाखान्यात मी हसले होते. माझी पुण्याई म्हणून मी जी मिरवत होते, ती त्याच्या कानाला सावकारी वाटली, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

परतताना वाटेत म्हातारीला विचारलं, "तुला हे माहीत होतं ना? मग बोलली का नाहीस?"

"तू लई चांगली हायस," ती म्हणाली. "चांगल्या माणसाला कसा सांगायचा?"

त्याच आठवड्यात मी दाराशी फळी लावली. बाळंतपण दोन रुपये, तपासणी आठ आणे. हा भाव मी नव्हे, म्हातारीने ठरवला. तिच्या मते भगतापेक्षा फार कमी ठेवला असता तर पुन्हा संशय आला असता. वाचता कुणाला येत होतं? म्हणून बाजारच्या दिवशी तीच ओट्यावर बसून सांगायची, "दोन रुपये. मागाहून काय नाय." ज्यांच्याकडे पैसे नसत त्यांना ती सांगे, दोन मोळ्या नाहीतर एक कोंबडी, आणि संपलं. बाजारवाल्यांसाठी मी दहा रुपये ठेवले. ते भडकले. ठेकेदार म्हणाला, "बाईंना आता पैसा दिसायला लागला." दिसायलाच हवा होता. डबाही तिथेच राहिला, ज्याला आपण होऊन वर काही टाकायचं असेल त्याच्यासाठी. तो बहुतेक रिकामाच असे.

पाड्यांवरच्या बाया आल्या. आधी दोघी, मग आठ-दहा, मग ओटा पुरेना. वर्ष संपलं तेव्हा दादा आले, फळी वाचली, भाड्याचे पैसे द्यायला खिशात हात घातला, तर मी म्हणाले की भागलंय. दवाखाना स्वतःच्या पायावर उभा होता, आणि तो उभा होता तो पाड्यांच्या दोन-दोन रुपयांवर. मला त्याचा आनंद झाला नाही. हीच फळी मी सहा महिने आधी लावली असती, एवढंच सारखं मनात यायचं.

होळीनंतर एका बाजारच्या दिवशी त्या गेलेल्या मुलीचा नवरा आला. बरोबर त्याच्या पाड्यावरचा एक वयस्क माणूस होता. ओट्यावर बाया बसल्या होत्या, त्यांतून वाट काढत तो माझ्यापुढे आला आणि तळहातावर आठ आणे धरले.

"तपासलीस त्याचं," तो म्हणाला.

मी मागे सरकले. "नको. तुझ्याकडून मी कसे घेऊ? तुझं काही देणं नाही."

तो पायरीवर बसला. बरोबरचा माणूसही बसला. मी आत जाऊन एक बाई तपासली, दुसरी तपासली, बाहेर आले, तरी ते दोघं तिथेच. दुपार झाली. उन्हात बसले होते, पाणीसुद्धा मागितलं नाही.

म्हातारी माझ्यामागे येऊन हळूच म्हणाली, "घे, बाय. तू घेतल्याबिगर त्याला जाता यायचा नाय."

मी हात पुढे केला. नाणी त्याच्या मुठीत राहून गरम झाली होती.

"फिटला असा बोल," तो म्हणाला, आणि बरोबरच्या माणसाकडे वळून, "तू ऐक."

मी हळूच म्हणाले, "फिटलं."

"मोठ्यानं बोल."

मी मोठ्याने म्हणाले. ओट्यावरच्या सगळ्या बायांनी ते ऐकलं. त्याने बरोबरच्या माणसाकडे बघितलं, त्याने मान हलवली, आणि मग तो उठला.