चाळीस मशीन आणि एक सही

“मॅडम, आजही शून्यच?” चैत्राने दारातूनच विचारलं. दसऱ्याच्या सुट्टीतला सातवा दिवस होता. कॉलेज रिकामं, लॅबमधले चाळीस पीसी रिकामे, आणि माझ्या लॅपटॉपवर तीच ओळ: पूर्ण झालेले जॉब, शून्य.

चैत्रा म्हैसूरबाहेर, वरुणा नावाच्या गावाजवळून रोज बसने येणारी पीएचडीची विद्यार्थिनी. पाणी कमी पडलं तरी भाताचं रोप ज्या प्रथिनामुळे तग धरतं, त्यावर तिचं काम. कोणकोणती रसायनं त्या प्रथिनाला नीट बसतात, हे कॉम्प्युटरवर एकेक करून तपासायचं. अशी हजारो रसायनं. एका पीसीवर वर्ष गेलं असतं, आणि तिचे गाइड महिनाअखेरीस रिटायर होत होते. तोवर निकाल आला नाही तर नवा गाइड शोधा आणि अर्धं काम पुन्हा करा.

“माझ्यावर सोड,” मी तिला म्हटलं होतं. हेब्बाळच्या कंपनीत वीस वर्षं सर्व्हर सांभाळून मी जयलक्ष्मीपुरममधल्या या कॉलेजात सिस्टिम अ‍ॅडमिन झाले होते. आत्मविश्वासाचा तुटवडा नव्हता.

मी एक ओपन सोर्स ग्रिड बसवलं. ग्रिड म्हणजे विखुरलेल्या पीसींना एका कामाला जुंपणारं सॉफ्टवेअर. पीसीवर पंधरा मिनिटं कोणी नसलं की ते त्याला एक जॉब, म्हणजे एका रसायनाची तपासणी, देतं. कोणी येऊन बसलं की जॉब काढून घेतं. चार मशीनवर चाचणी झकास झाली. मग चाळीसही मशीन जोडली, आणि सगळं ठप्प.

लॉग म्हणत होता, ‘युजर हजर आहे.’ कुलूपबंद लॅबमध्ये, चाळीसही मशीनवर. मी सॉफ्टवेअर दोनदा काढून पुन्हा टाकलं. नेटवर्कचा स्विच बदलला. ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना लांबलचक मेल पाठवली, तुमचंच काहीतरी चुकलंय अशा सुरात. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: लॉगिन कोण करतंय ते बघा. मला ते फारच बाळबोध वाटलं.

त्यापेक्षा मी माणसांवर संशय घेतला. लॅबची किल्ली पांडुरंगरावांकडे असायची. हे आमचे लॅब अटेंडंट, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरमध्ये राहिलेल्या मराठी शिंप्यांच्या घरातले.

“सुट्टीत मुलांना गेम खेळायला आत सोडता का?” मी विचारलं.

त्यांनी रजिस्टर पुढे केलं. तारीख, मशीन नंबर, वापरणाऱ्याचं नाव, सही. सुट्टीची पानं कोरी होती.

“कोणी आलं नाही मॅडम. तुम्ही सुम्ने, उगाच माझ्यावर का येता?”

मी तरीही दाराला दुसरं कुलूप लावलं. त्याची किल्ली स्वतःकडे ठेवली. त्यांचा चेहरा उतरला, तो मी पाहिला आणि दुर्लक्ष केलं.

आयुधपूजेला ते सकाळीच हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा घेऊन आले. त्या दिवशी अवजारं पुजायची आणि वापरायची नाहीत, हा इथला रिवाज.

“आज मशीनला हात लावायचा नाही. अष्टे, एवढंच,” ते म्हणाले. “आमच्या घरी कात्रीसुद्धा उचलत नाहीत.”

“पण बंद करू नका हं. जॉब रांगेत आहेत.”

“चालू राहू दे. हात तेवढा लावायचा नाही. तुमचा लॅपटॉप पण ठेवा इथं.”

तसंही तो काही उजेड पाडत नव्हता. बंद करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, त्यावरचं कुंकू पुसून उघडला. अर्ध्याहून जास्त जॉब पूर्ण. चैत्रा खुर्चीत बसून रडायलाच लागली. मलाही भरून आलं. क्षणभर मी झेंडूच्या माळेकडेही आदराने पाहिलं. मग मशीनवरची लॉगिनची नोंद उघडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

चाळीसही मशीनवर दर दहा मिनिटांनी एकच युजर येत होता. मी.

झालं होतं असं. चाळीस मशीन जोडली तेव्हा ती रिकामी आहेत ना, हे बघायला मी लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. तो रात्रंदिवस, दर दहा मिनिटांनी प्रत्येक मशीनवर लॉगिन करून विचारायचा, रिकामं आहेस का? त्या लॉगिनमुळेच ग्रिडला वाटायचं, कोणीतरी आलं. पंधरा मिनिटं कधी भरलीच नाहीत. लॅपटॉप पूजेत बसला आणि मशीन कामाला लागली. गंमत म्हणजे मशीन रिकामं आहे की नाही, ही माहिती ग्रिड स्वतःच देत होतं. माझा त्याच्यावर विश्वास नव्हता.

तो प्रोग्रॅम मी तिथल्या तिथे पुसून टाकला. उरलेले जॉब दुसऱ्या दिवशी संपले. चैत्राचे निकाल गाइडच्या टेबलावर वेळेत पोचले.

मी दुसरं कुलूप काढलं, किल्ली पांडुरंगरावांच्या हातात दिली आणि माफी मागितली. काय झालं तेही सांगितलं.

“म्हणजे दर दहा मिनिटाला माप घेत होता तुम्ही,” ते म्हणाले. “मग कापड शिवणार कधी?”

मग त्यांनी रजिस्टर उघडलं, सुट्टीच्या कोऱ्या पानांवर बोट ठेवलं आणि पेन पुढे केलं.

मशीन नंबर: एक ते चाळीस. वापरणाऱ्याच्या नावापुढे मी माझं नाव लिहिलं आणि प्रत्येक तारखेसमोर सही केली. त्या सगळ्या दिवसांत मी शोधत होते तो युजर हाच.