सगळ्यांसाठी उघडं

सुमे, स्पीकर बंद कर आणि फोन आधी कानाला लाव. घरभर ऐकू जायला नकोय मला.

आमच्या फणसवाडीतला तो कॉम्प्युटरवाला आठवतो ना? चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवतो, चहा बशीत ओतून पितो आणि काही अडलं की म्हणतो, "हो जायेगा काकू, टेन्शन नाय."

सूनबाईच्या लॅपटॉपवरचे फोटो माझ्या कॉम्प्युटरवर दिसेनात, म्हणून त्याला बोलावलं. लॅपटॉप सारखा पासवर्ड मागत होता, तर ह्याने पासवर्डच काढून टाकला आणि तिचं अख्खं फोल्डर सगळ्यांसाठी उघडं केलं. आमचं वायफाय शेजारच्या वहिनींकडेही चालतं. जोडून त्यानेच दिलंय!

दुसऱ्या दिवशी वहिनी कैरीचं लोणचं घेऊन हजर. "आता आंबट लागणारच की!" त्या फोल्डरात सोनोग्राफीचा रिपोर्ट होता गं, तो त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसला. मागच्या खेपेला टिकलं नाही, म्हणून पोरीने माहेरीसुद्धा कळवलं नव्हतं. आत जाऊन रडत बसली.

मी त्याला फैलावर घेतलं, तर हसतो कसा! "काकू, आपल्या चाळीत दारं उघडीच असतात ना? रिपोर्ट मी पण बघितला, कुणाला बोललो का?"

"दार उघडं असतं मेल्या, कपाट नाही!" चहा अर्धा असतानाच उठवला त्याला.

हे तिला विचारूनच सांगतेय तुला. पासवर्ड परत लावायला तू ये. आल्यावर मात्र ती बोलेपर्यंत काही विचारू नकोस. लवकर ये गं.