शाळेच्या फाटकापासून घरापर्यंत

चोऱ्या-दरोड्यांचे कितीतरी तपास आता पुसट झाले आहेत. पहिलीच्या एका प्रवेशाचा तपास मात्र अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. मी तेव्हा देवळीत ठाणेदार होतो.

एका सकाळी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "साहेब, मोफत प्रवेशासाठी खोटा पत्ता दिला हाये. शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राह्यतो म्हनते, पन राह्यते वावरात. पत्त्यातल्या खोलीले रोज कुलूप असते." दुपारपर्यंत हाच पत्ता तपासून देण्यासाठी शिक्षण विभागाच्या पडताळणी समितीचे पत्रही आले. मोफत प्रवेशाच्या सोडतीत एका भाजीवाल्याच्या मुलीचा नंबर लागला होता. प्रवेश पक्का करायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. पत्ता बोगस निघाला, तर मुलीची जागा जाणार होती आणि बापावर गुन्हा दाखल होणार होता.

हवालदाराला पत्त्यावर पाठवले. तो परत येऊन म्हणाला, "साहेब, कुलूप आहे. घरमालकीण म्हातारी आहे, ती म्हणते इथं कोणी राहतच नाही."

प्रकरण जवळजवळ संपल्यात जमा होते. मी त्या नवराबायकोला ठाण्यात बोलावले. सहा वर्षांची मुलगी आईचा पदर धरून आली. बाप इतका घाबरला होता की एक उत्तर दुसऱ्याशी जुळेना. "राह्यतो साहेब... म्हंजे वावरात बी जातो..." असे काहीतरी तो पुटपुटत होता. बायको मात्र ताठ उभी होती.

"साहेब, पहाटे आमी वावरात भाजी तोडाले जातो, मंग बजारात बसतो. पोरगी आमच्यासंगच असते, नाई तं घरमालकिणीपाशी. दिवसा खोलीले कुलूप नाई तं काय राह्यन?"

"मग घरमालकीण नाही का म्हणते?"

"तेच तं समजून नाई राह्यलं," ती म्हणाली.

मोठी माणसे ठाण्यात खरे बोलतानाही अडखळतात. म्हणून मी आईबापांची परवानगी घेतली आणि त्यांना ठाण्यातच बसवले. एक महिला शिपाई व मी साध्या वेशात मुलीला घेऊन शाळेच्या फाटकाशी गेलो. हवालदाराला थोडे अंतर ठेवून यायला सांगितले. मुलीला एवढेच म्हटले, "बेटा, आम्हाला तुझ्या घरी ने."

ती लगेच पुढे झाली. एका गल्लीच्या तोंडाशी तिने माझा हात ओढला. "इकून नोका येऊ. तिथं कुत्रीनं पिल्लं देली, ते चावते." किराणा दुकानदाराने विचारले, "आज कोनाले घेऊन आली वं?" ती ऐटीत म्हणाली, "पावने हायेत. घरी नेऊन राह्यली." वाटेत तिने दोन बायकांना हाका मारल्या आणि एका बकरीला दटावले. महिला शिपाई तोंडाला रुमाल लावून हसत होती.

अंगणात पाऊल पडताच आतून म्हातारीचा आवाज आला, "आली काय वं माय? सकायपासून कुटी होती? तुह्यासाठी गुळपोई ठेवली."

पोळीची ताटली घेऊन ती बाहेर आली. माझ्यामागे गणवेशातला हवालदार दिसताच जागच्या जागी थबकली.

"आजी, इथं तर कोणी राहत नाही ना?" मी विचारले.

ताटली बाजूला ठेवून ती ओट्यावर बसली. "साहेब, भाडेकरू ठेवला अन् ठाण्यात सांगतलं नाई. लोक म्हनाले, आत टाकतेत. म्हनून खोटं बोलली जी." मुलगी तिच्या मांडीवर बसून पोळी खाऊ लागली होती.

शेजाऱ्यांचे जबाब घेतले, खोली आतून पाहिली आणि संध्याकाळच्या आत समितीला अहवाल दिला. दुसऱ्या दिवशी प्रवेश पक्का झाला. बापाने पेढ्यांचा पुडा आणला, तेव्हा सगळे ठाणे दारात गोळा झाले. पहिला पेढा मुलीने हवालदाराला भरवला.

पोलिसांशी खोटे बोलणारा माणूस गुन्हेगारच असतो, असे मी वर्षानुवर्षे धरून चाललो होतो. पण बरेच लोक केवळ धास्तीने खोटे बोलतात. ही धास्ती कशाची, हे आधी शोधले तर अर्धा तपास तिथेच होतो. निवृत्तीनंतर भेटणाऱ्या नव्या पोलीस पोरांना मी हेच सांगत आलो.

त्याच आठवड्यात म्हातारी भाडेकरूंची माहिती द्यायला स्वतः ठाण्यात आली. कारकुनाने विचारले, "आजी, भाडेकरू किती जण?"

"दोघं," ती म्हणाली. "नवराबायको. पोरगी माही हाये."