फिनाईलकाकूंच्या बरण्या

सदर महिला रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागातून प्रमुख म्हणून सेवानिवृत्त झालेली असून तिच्या राहत्या जागेत झुरळ, मुंगी, पाल अथवा अन्य कोणताही सजीव आजवर आढळून आलेला नाही. पती अपवाद. पतीच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीस बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात, झाकणासह, सशर्त परवानगी आहे.

साध्या भाषेत सांगायचं तर शेजारी त्यांना फिनाईलकाकू म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

पेटीत निळ्या-नारिंगी नक्षीचा, बोटाएवढा एक मासा होता. काका त्याला ‘साहेब’ म्हणत, कारण समोर ठेवलेली कुठलीच गोष्ट तो मंजूर करत नसे. गोठवलेलं खाणं नामंजूर, दाणे नामंजूर. त्याला जिवंतच काहीतरी लागे, तेही कोळंबीच्या दूरच्या नात्यातले अगदी बारीक जीव. शोभेच्या माशांचा दुकानदार त्यांना ‘पॉड’ म्हणे. दिसायला पाण्यातली धूळ; फक्त ही धूळ मधूनच आपण होऊन उडी मारते. पेटीत होते नव्हते तेवढे पॉड साहेबांनी संपवले, आणि मग त्यांचं पोट खपाटीला गेलं.

काकांनी बरण्यांत पॉड वाढवून पाहिले. एक बरणी नासली की तिच्या पाठोपाठ बाकीच्या नासायच्या. शेवटी ते पेटीसमोर खुर्ची टाकून बसले आणि बोलायचेच थांबले. लग्न झाल्यापासून काकू त्यांना ‘जरा गप्प बसा’ म्हणत आल्या होत्या. आता ते खरोखर गप्प बसले, तर घर खायला उठलं.

काकू दुकानात गेल्या. दुकानदारानं त्यांचे घासून घासून पांढरे पडलेले हात पाहिले आणि म्हणाला, “मावशी, तुमच्या हातून व्हायचं नाही. हे घाणीत वाढतात.” तरी त्यानं बाटलीभर पॉड दिले, निव्वळ कीव येऊन. काकूंना ती कीव जास्त झोंबली.

पहिली बरणी त्यांनी साबणानं लख्ख घासली. सकाळी सगळे पॉड तळाशी मरून पडले होते. बरणी तेवढी चकचकीत होती. जन्मभराच्या स्वच्छतेनं पहिल्यांदाच दगा दिला होता.

मग पुन्हा बाटलीभर आणले. खिडकीत ठेवलेलं पाणी हिरवं होऊ दिलं आणि तेच पॉडना खायला घातलं. काचेवर शेवाळ चढलं, तेव्हा हातात घेतलेलं फडकं परत जागेवर ठेवलं. हे दिसतं तितकं सोपं नव्हतं. पण काका मदतीला आले आणि एकच चमचा सगळ्या बरण्यांतून फिरवू लागले, तेव्हा काकूंच्यातली विभागप्रमुख ताडकन जागी झाली.

“अहो, एका पेशंटची सुई दुसऱ्याला टोचतात का?”

त्या दिवसापासून प्रत्येक बरणीला तिचा स्वतःचा ड्रॉपर आला, गळ्यात वेगळ्या रंगाचा दोरा बांधून. घाण असू दे, पण ज्याची त्याला, असा नवा नियम झाला. एखादी बरणी नासलीच, तर एकटीच नासायची.

बरण्या त्या उड्या मारणाऱ्या धुळीनं भरून गेल्या. साहेब एकेक कण टिपून खाऊ लागले. पोट भरलं, मग चक्क सुटलं. काका बोलू लागले, ते साहेबांच्या पोटाबद्दलच, आणि थांबेचनात. काकू म्हणाल्या, जरा गप्प बसा. घर पूर्वपदावर आलं.

पुढे दुकानदाराचेच सगळे पॉड एकदम मेले. शेजारणीनं विरजण मागायला यावं तसा तो रिकामी बाटली घेऊन दारात उभा राहिला. आपण कधी काय म्हणालो होतो ते त्याला आठवत असावं, कारण तो पायपुसण्यावरून पुढे सरकला नाही. काकूंनी बेसिनकडे बोट दाखवलं. त्यानं निमूटपणे बाह्या वर सारल्या, कोपरापर्यंत हात ओले केले आणि साबणाकडे वळला.

“साबण नको,” काकू म्हणाल्या.

काकांनी खुर्चीतून वळून बघितलं. या घरात हे दोन शब्द एकत्र कोणी ऐकले नव्हते.

काकूंनी निळ्या दोऱ्याच्या बरणीतून त्याची बाटली काठोकाठ भरून दिली.

त्यांच्या खिडकीत आता बरणीला बरणी चिकटून उभी आहे, आणि प्रत्येक बरणीत काहीतरी हलतंय.