स्लाइड निगेटिव्ह

पोस्टिंग मिझोरामच्या सीमेवर, बांबूच्या रानातली कंपनी पोस्ट. मी नर्सिंग असिस्टंट, हुद्दा हवालदार. रोज संध्याकाळी सगळ्यांना रांगेत फॉलिन करून बाह्या खाली, मलेरियाची गोळी तोंडात, जीभ बाहेर. शत्रूपेक्षा डासाला भितो म्हणून जवान माझी टर उडवायचे.

नाईक सुरेश आमच्या वेळणेश्वरचा. गणपतीची रजा मंजूर झाली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्यांचा कॉन्व्हॉय सुटणार होता. सिक रिपोर्ट केला तर रजा गेली, म्हणून हा ताप अंगावर काढत, गुपचूप पॅरासिटामॉल खात फिरत होता. मी पकडून बोट टोचलं, थेंब काचेवर घेऊन मलेरियासाठी तपासला. स्लाइड निगेटिव्ह.

"बघ दादा, काय नाय झाला मना."

"सकाळी पुन्हा रक्त घेणार. तोवर हलायचं नाही."

मी त्याला परोपरीनं समजावलं. फाल्सिपेरम मलेरियाचा जंतू तांबड्या पेशीत शिरतो आणि तिच्या आवरणावर चिकट उंचवटे उठवतो, फणसाच्या सालीसारखे. मग ती पेशी बारीक नसांच्या भिंतीला चिकटून बसते, मेंदूतसुद्धा. बोटाच्या थेंबात ती सापडेलच असं नाही.

"लेक्चर नको. मोदक आणतो तुला."

पालथ्या घड्यावर पाणी.

सकाळी कॉन्व्हॉयपाशी तो उजव्या पायात डावा बूट घालत बसला होता. मला ओळखेना. दुसरी स्लाइड जंतूंनी भरलेली होती. इंजेक्शन दिलं, वायरलेस सेट उचलला.

"कॅज्युअल्टी वन. सेरेब्रल मलेरिया. चॉपर पाठवा. ओव्हर."

"वेदर खराब. वेट. आउट."

दुपारी ढग फाटले. चॉपर उतरलं तेव्हा सुरेश गेला होता. मला रडू नाही, आधी संताप आला.

तो संताप अजून गेलेला नाही. आता निवृत्तीनंतर गावात कुणी चाकरमानी सणाला ताप घेऊन येतो आणि रिपोर्ट नाचवतो, "काका, निगेटिव्ह हाय." मी कपाळावर हात मारतो आणि त्याला रिक्षात कोंबून पुन्हा रक्त द्यायला नेतो. लोक मला विक्षिप्त म्हणतात. म्हणोत.

दर गणपतीत मी सुरेशच्या घरी आरतीला जातो. त्याची आई पानात मोदक वाढते आणि दरवर्षी तेच विचारते, "एवढा ताप होता, तर बोलला का नाय रे तो?"

त्याला हेच मोदक खायला घरी यायचं होतं, हे मला तिला सांगवत नाही. मी मान खाली घालून खातो.