बाजेतले ढेकूण

आज लेक अंगणात बाजेवर उकळतं पाणी ओतत होती. मेलेल्या ढेकणांचा उग्र वास नाकात शिरला आणि मला निजामाच्या राज्यातलं धारूरचं माझं सासर आठवलं. त्या साली गावात देवीची साथ होती, शेजारचं एक लेकरू गेलं होतं. तशात एका सकाळी माझ्या दोन वर्षांच्या लेकीच्या हातावर, गालावर लाल गांध्या दिसल्या आणि मी सासूबाईंना हाक मारली. सासूबाईंनी दाराला लिंबाचा डहाळा बांधला, घरातली फोडणी बंद केली. "देवी घरात आलीय. आता अंथरूण झटकायचं न्हाई, मुंगीसुदीक मारायची न्हाई," त्यांनी बजावलं. लेक त्याच बाजेवर, त्याच गोधडीवर पडून राहिली. रोज सकाळी नव्या गांध्या उठायच्या, ती खाजवून रडायची, आणि ताप चढला का म्हणून मी सारखी तिच्या कपाळाला हात लावायची. कपाळ गारच असायचं. मग एका दुपारी तिच्या मानेवर ओळीनं उठलेल्या तीन गांध्या दिसल्या आणि शेवटच्या गांधीपाशी रक्त पिऊन फुगलेला ढेकूण. मी तो चिमटीत धरून सासूबाईंना दाखवला. त्यांनी वाकून बघितलं. "ढेकूणच हाय. पर मारू नगंस, देवी कोपंल," त्या हळूच म्हणाल्या. मी तो चिरडला. बोटाला लेकीचं रक्त लागलं, तो वास आला, आणि त्याच क्षणी भीतीनं माझा हात तिच्या कपाळाकडं गेला. आज ती नातवंडांची आजी झालीय. पाणी ओतून झाल्यावर हातावरची गांधी दाखवत हसली, तेव्हा मी आधी तिचं कपाळ चाचपलं.